माहेरच्या विहिरीतला खडा

लग्नाला चार वर्षं झाली तरी आमच्या नवऱ्यानं माझ्याकडे कधी डोळ्याला भिंग लावून पाहिलं नव्हतं. तसं कोणीच कोणाकडे पाहत नाही, हे मलाही कळत होतं. पण मी साडीवर टिकल्या चिकटवत बसलेली असायचे आणि हातभर अंतरावर हा माणूस हरभऱ्याएवढा दगड खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून, श्वास रोखून बघत असायचा. तेव्हा मला जे व्हायचं, त्याला मत्सर हा एकच शब्द आहे. दगडाचा मत्सर. कोणाला हसू आलं तर खुशाल हसावं.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. सुरतेला भेस्तानमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर एका खोलीत राहत होतो. नवरा लूमच्या खात्यात जॉबर होता. माग अडला, तुटला की तो सुरू करायचं काम त्याचं. गल्लीत सगळे त्यांना जॉबर म्हणायचे, म्हणून मीही इथं तेच म्हणते. नाव घ्यायची सवय मला तेव्हाही नव्हती.

लग्नाआधी जॉबर सुरतेतच वराछाला हिरे घासणाऱ्या पोरांबरोबर एका खोलीत राहायचे. त्यांच्या ओळखीनं हिऱ्याच्या कारखान्यात शिकायलाही बसले होते, पण तिथल्या कारीगरांनी हात जड आहे म्हणून परत पाठवलं. मग लूम धरले. लूमला जड हात चालतो. पण हिऱ्यानं नाकारलेला माणूस होता, ते काही मनातून जाईना. हिरा नाही तर नाही, साधे दगड तरी घासू, म्हणून त्यांनी हौसेखातर घरातच एक यंत्र उभं केलं. शिलाई मशीनची मोटर, लेथवाल्याकडून करून घेतलेली तांब्याची गोल थाळी, तिच्यावर थेंब थेंब पाणी पडायला सलाईनची रिकामी बाटली. दगड लाखेनं पितळी दांडीच्या टोकाला चिकटवायचा आणि फिरत्या थाळीवर टेकवायचा. दांडी नेमकी किती फिरवायची हे कळावं म्हणून तिच्या मागच्या टोकाला खात्यातलं मागाचं एक जुनं दातेरी चाक बसवलेलं. एक पैलू झाला की चाक ठरावीक दात पुढे सरकवायचं, की दुसरा पैलू.

पाणी लागतं म्हणून हे सगळं मोरीच्या कट्ट्याला लागून. म्हणजे मला भांडी घासायलाही परवानगी मागावी लागायची. आठवड्याची एक रजा, तीही पूर्ण त्या थाळीची. चहा ठेवला तर गार होईपर्यंत तसाच. मी काही बोलले तर "हं". पैलूवर ओरखडा दिसला तर मात्र "अरे अरे अरे", आणि तेही अशा आवाजात की मी तापानं फणफणले असतानासुद्धा तो आवाज मला ऐकायला मिळाला नव्हता.

त्यात माझं काम बघा. दिवसभर मी काचेच्या टिकल्या डिंकानं साड्यांवर चिकटवत होते. टोपलीभर. माझ्या हातून दिवसाला जेवढे चमकते खडे जात, तेवढे जॉबरांनी जन्मात पाहिले नसतील, पण ते खडे खडेच नव्हेत. एकदा मी कौतुकानं त्यांच्या दांडीला हात लावला तर म्हणाले, "हात नको लाऊ. तुना हातले गोंद लागेल ऱ्हास, कणी चिकटी जाई." मी हात मागे घेतला. हाताला डिंक होताच, नाही असं नाही, पण तो कोणाच्या संसारासाठी होता?

हे सगळं मी सोसलं असतं. एका खड्यापायी सोसत होते, असंच म्हणा.

माझ्या वडिलांनी अमळनेरकडच्या आमच्या शेतात विहीर खणायला घेतली होती. काळा खडक. सुरुंग लावले, पाणी लागलं नाही, पण खडकाच्या पोटात एक पोकळी निघाली आणि तिच्या आत जांभळ्या टोकदार खड्यांची दाटी. गावातली पोरं पाट्या भरभरून घेऊन गेली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा वडिलांनी त्यातला सगळ्यात गडद एक खडा माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "पानी नही लागनं, आते हाऊ दगड तरी लई जाय." दुसरं काही द्यायला नाही म्हणून हसत दिला होता. मी तो पदराला बांधून सुरतेला आणला.

जॉबरांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा असा झाला की नव्या नवरीला बघूनही झाला नसावा. कापसात गुंडाळून फोटोच्या रोलच्या डबीत ठेवला, डबी देव्हाऱ्याच्या फळीवर. म्हणाले, हात बसला की हाच घेईन, तुझ्या अंगठीसाठी. तेव्हापासून मी त्यांचा हात बसायची वाट बघत होते. अंगठी सोन्याची नको होती मला, चांदीची चालली असती. त्यांनी कधीतरी माझ्यासाठी म्हणून भिंग डोळ्याला लावावं, एवढंच हवं होतं.

हात काही बसेना. खडा गोल फिरून आठ पैलूंचा, त्यावर पुन्हा आठ, अशी हिऱ्याची रीत. जॉबरांना तीच हवी. पण शेवटचा पैलू पहिल्याला येऊन भिडायची वेळ आली की काहीतरी बिनसायचं. एक पैलू रुंद, एक अरुंद, टोकं एकमेकांपासून फटकून. मग कधी वोल्टेज कमी होतं, कधी लाख मऊ पडली, कधी दगडच हलक्या जातीचा. मला आतून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, दगड नासला की त्या रजेच्या दिवशी भाजी मी जरा जास्त तेल घालून करायचे.

मग खालच्या मजल्यावर ती बेन आली.

काठेवाडकडची बाई. तिचा नवरा वराछाला हिरे घासायचा, पण भावांशी बिनसलं म्हणून ते इकडे भेस्तानला येऊन राहिले. एका रजेच्या दिवशी थाळी फिरत होती आणि दारात ही उभी. विरजण वगैरे मागायला आलेली नव्हती. आवाज ऐकून आली होती. माहेरी हिच्या घरातच हिरे घासायची घंटी, म्हणजे अशीच फिरती थाळी, होती, वडिलांशेजारी बसून ती लहानपणापासून पैलू पाडत होती. लग्नानंतर नवऱ्यानं हात लावू दिला नाही. हे सगळं तिनं दारातच सांगितलं, आणि जॉबर, जे माझ्याशी दोन वाक्यं सलग बोलत नसत, ते उठून उभे राहिले.

"बेसो ने, बेन, बेसो."

स्वतःचं स्टूल दिलं. माझ्यासाठी चार वर्षांत जे स्टूल रिकामं झालं नव्हतं, ते. मी हातात डिंकाची वाटी घेऊन बघत राहिले.

तिनं फसलेल्या खड्यांच्या डब्यातला एक घेतला, भिंगातून पाहिला आणि म्हणाली, "पेल मळता नथी, भाई." पैलू जुळत नाहीत. ते मलाही दिसत होतं, पण मला विचारतं कोण. तिनं दातेरी चाकाचा स्क्रू सैल केला, चाक बाजूला ठेवून दिलं, आणि दांडी नुसत्या बोटांत धरून डोळ्याच्या अंदाजानं खडा थाळीला टेकवला. मधूनच उचलायची, बघायची, पुन्हा टेकवायची. चहा उकळून खाली उतरवेपर्यंत तिनं त्या नासक्या खड्याचे दोन-तीन पैलू टोकाला टोक भिडवून दाखवले. जॉबरांचं तोंड उघडं ते उघडंच.

"आ तो हाथनी वात छे," ती म्हणाली. हाताची गोष्ट आहे. आणि स्वतःच्या हाताकडे बघून हसली. गोरे, निमुळते, डिंक न लागलेले हात. ती माझ्याकडे वळून "भाभी, चाय सरस छे" असंही म्हणाली. चहा चांगला झाला होता, त्यात काय शंका. पण मला तो कप तिच्या हातातून काढून घ्यावासा वाटत होता.

त्यानंतर प्रत्येक रजेला बेन. कोन कसा धरायचा, थाळीला हिऱ्याची भुकटी किती चोळायची, बोट कुठं टेकवायचं. जॉबर विचारायचे, ती सांगायची, दोघं एकाच भिंगातून आळीपाळीनं बघायचे. त्यात वावगं काही नव्हतं. दार सताड उघडं, मी समोर, तिची सासू खालून हाक मारतेय. वावगं असतं तर मी भांडले तरी असते. पण माझ्या घरात माझ्या देखत दोन माणसं एका गोष्टीवर जीव लावून बोलतायत आणि त्यातलं एक माणूस माझं आहे, ह्याची तक्रार कोणाकडे करायची?

दिवाळीच्या तोंडावर एका रजेला जॉबरांनी देव्हाऱ्यावरची डबी काढली. कापूस उलगडला. माझ्या बापाच्या विहिरीतला खडा तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बेन, आ तमे ज करो." हा तुम्हीच करा, माझ्यानं नाही व्हायचा.

बेननं खडा उन्हात फिरवला. जांभळा रंग सगळा एका टोकाला होता, बाकी अंग पाण्यासारखं. रंगाचं टोक वर घ्यायचं असं दोघांचं ठरलं, म्हणजे वरून बघताच रंग दिसेल. मग ती म्हणाली की आता वेकेशन, सगळे गावाला चाललो, दिवाळी करून आले की बसते. हिऱ्याचे कारखाने दिवाळीला बंद होतात आणि अख्खं वराछा काठेवाडला जातं, तसे हे खालचेही निघाले. ती खडा परत डबीत ठेवून खाली गेली, तशी मी डबी उचलली.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, "त्या बाईले बसाडतस, अन् मी हात लावा ते मशिन बिघडस?"

"तिले हात शे," जॉबर म्हणाले. रागानं नाही. साधं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

"मना बापना दगड शे तो. त्याले कोनी हात लावाव नही."

"मंग काय करशी? फळीवरच ठेवशी का? बेन करी दी ते अंगठी तुनीच ना."

हेच त्यांना कळत नव्हतं. अंगठी माझी, पण हात तिचा. ती अंगठी घालून मी आयुष्यभर भाकऱ्या थापायच्या आणि दर भाकरीला त्यांनी तिच्या पैलूंकडे बघायचं. मी डबी कमरेला खोचली आणि दुसऱ्या दिवशी जॉबर पाळीला गेल्यावर दाराला कडी लावून स्टुलावर बसले.

मला काय येत होतं? काहीच नाही आणि सगळं. चार वर्षं हातभर अंतरावर बसून मत्सरानं बघत होते, आणि मत्सरानं बघणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. लाख किती तापवायची, पाणी कधी वाढवायचं, आवाज बदलला की दगड उचलायचा, हे मला जॉबरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. सरावाला एका फुटक्या काचेच्या बाटलीच्या बुडाचे तुकडे घेतले. पहिल्या दिवशी नख घासून गेलं. दुसऱ्या तुकड्याचा चुरा झाला. संध्याकाळी जॉबरांनी विचारलं, सलाईनच्या बाटलीतलं पाणी कुठं गेलं. म्हटलं, उडालं असेल. त्यांचं लक्ष नव्हतं. लूम दिवाळीला बंद करायच्या आधी खात्यात कामाची झोड उठली होती.

चाक मी पुन्हा लावलं. बेनसारखं नुसत्या बोटांनी धरणं मला जमणार नव्हतं आणि तिच्यासारखं मला करायचंही नव्हतं. जॉबर चाक पुढं सरकवताना सात दात मोजायचे, ते मी कितीदा ऐकलं होतं. सात, सात, सात, आणि मधूनच दोनदा सहा. मी तसंच केलं आणि माझा काचेचा तुकडाही तसाच फसला. एक पैलू रुंद, एक अरुंद.

तो तुकडा हातात घेऊन बसले आणि माझ्यातली साडीवाली जागी झाली. गोल फुलाला टिकल्या लावताना एक पाकळी जवळ, एक लांब लागली तर शेठ साडी तोंडावर फेकतो. मी वाटीतल्या टिकल्या काढल्या आणि चाकाच्या दातांवरच चिकटवायला घेतल्या. आठ टिकल्या सारख्या अंतरावर बसेनात. कशाही फिरवल्या तरी कुठंतरी एक दात कमी, एक जास्त. सात लावून पाहिल्या, तरी तेच. सहा लावल्या आणि बसल्या. अगदी बरोब्बर, दर नवव्या दातावर.

मी हसायला लागले. एकटीच. ह्या माणसानं चार वर्षं मागाच्या चाकावर हिऱ्याचे आठ पैलू मागितले होते. मागात एक दात इकडे तिकडे झाला तर एखादा धागा कमीजास्त होतो, कापडाच्या ताग्यात कोणाला कळत नाही, म्हणून त्यांनी दगडालाही ते चालेल असं धरलं. वोल्टेज, लाख, दगडाची जात, सगळ्याला दोष देऊन झाला, पण चाकाला नाही. चाक त्यांच्या खात्यातलं होतं ना. आणि बेननं चाकच काढून ठेवलं, तेव्हा तिलाही ते कळायचं कारण नव्हतं. टिकल्या नखानं खरवडून काढल्या आणि सहाच्या हिशेबानं काच घासली. टोकाला टोक भिडलं.

आता माझा खडा. रंगाचं टोक वर घ्यायचं त्या दोघांनी ठरवलं होतं, पण माझ्या टिकल्यांना रंग पाठीला असतो. पुढून काच पांढरी, मागून रंग दिलेला, आणि सगळी टिकली रंगीत दिसते. तेव्हा मी जांभळं टोक खाली ठेवलं. दिवाळी सरली, बेन गावाहून परत आली होती, खालून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. जॉबर लाभपाचमेच्या मुहूर्तावर पुन्हा सुरू झालेल्या खात्यात पाळीवर होते. मला घाई होती, पण थाळीवर खडा टेकवला आणि घाई कुठं गेली कळलं नाही. एक पैलू उजळला, मग दुसरा. मी भिंग लावून बघत होते, श्वास धरून, एक डोळा मिटून. शेवटचा पैलू पहिल्याला मिळाला तेव्हा खोली धुरानं भरली होती. शेगडीवरचा भात जळून कोळसा झाला होता.

खडा पुसला. वरून पाहिलं तर अख्खा जांभळा, काठापासून काठापर्यंत.

जॉबर आले. जळक्या भाताचा वास त्यांना आला नाही असं होणार नाही, पण मी खडा त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांनी नाक, भूक, चपला सगळं विसरून भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मी समोर उभी. मग त्यांनी विचारलं, "बेननी करा का?"

माझ्याबद्दल त्यांच्या मनात शंकासुद्धा आली नाही. मला इतका राग आला की मी म्हटलं, "हां. बेननीच."

"वाटनंच माले," ते म्हणाले, आणि पुढं बोलतच राहिले. काय तो हात. काय ती नजर. रंग खाली घेतला, बघ, ही अक्कल. असा हात लाखात एखादीला. जे शब्द ऐकायला मी चार वर्षं आसुसलेली होते ते सगळे माझ्याच कामावर माझ्यासमोर पडत होते आणि एकही माझा नव्हता. मी स्वतःच्याच हातावर जळत होते. असा मत्सर कोणी कोणावर केला नसेल.

ते तसेच अनवाणी जिना उतरले, बेनचे आभार मानायला. मी मागोमाग.

बेन दारात धान्य निवडत बसली होती. तिनं खडा घेतला, जॉबरांचं भिंग मागून घेतलं, आणि खडा फिरवत फिरवत तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आ मारुं काम नथी, भाई. आमां तो छ छे. हुं तो आठ ज पाडुं." हे माझं काम नाही, ह्यात सहा आहेत. मी तर आठच पाडते. मग तिनं पुन्हा एकदा पाहिलं, आणि ह्या वेळी तिचा चेहरा पडला. तिला कळलं होतं की हे चांगलं आहे. खडा परत करताना तिची नजर माझ्या बोटांवर गेली. नखांत तांब्याचा काळा गाळ होता, तो किती घासला तरी निघाला नव्हता.

"भाभीना नख जुओ," ती म्हणाली. वहिनींची नखं बघा.

जॉबरांनी भिंग परत डोळ्याला लावलं होतं, ते तसंच ठेवून त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. बोटांकडे, मग तोंडाकडे. भिंगातून. मी कौतुकाची वाट बघत उभी राहिले. कौतुक होतंही थोडंसं, पण त्यामागून दुसरंच काहीतरी वर आलं आणि तेच टिकलं. ती नजर मी लगेच ओळखली. चार वर्षं ती माझीच होती.

"सहा?" एवढंच म्हणाले.

"तुमना चाकले आठ जमतस नहीत," मी म्हटलं.

ते जिना चढून गेले. पुढच्या रजेला त्यांनी स्टूल मोरीपासून ओढून खिडकीशी नेलं आणि रेडिओ दुरुस्त करायला काढला. यंत्रावर मी बसले.

अंगठी मी चांदीची करून घेतली. ती उजव्या हातात असते. आज इतक्या वर्षांनंतरही जॉबर त्या खड्याकडे थेट बघत नाहीत, आणि भाकरी मी मुद्दाम त्याच हातानं वाढते.